लोखंडे सिस्टरांचं नाक

काटोलहून माझ्या मावसबहिणीचा परवा फोन आला. “ताई, आमची पोरगी यंदा पहिल्यांदा मुलींच्या कॅम्पले चालली. बॅगेत काय काय भरू, सांग ना.”

किती साधा प्रश्न. पण माझ्या डोळ्यांसमोर टॉवेल आला नाही, बॅटरी आली नाही, चप्पल आली नाही. एक नाक आलं. लांब, टोकाशी किंचित वाकलेलं, नाकपुड्या सदा जाग्या. आणि त्याच्या खाली कडू औषध नुकतंच गिळल्यासारखं मुडपलेलं तोंड. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आयांनी वर्षानुवर्षं या एका नाकाला भिऊन लेकींच्या बॅगा भरल्या. ते नाक लोखंडे सिस्टरांचं.

आमच्या चर्चचा हा मुलींचा कॅम्प दर मे महिन्यात भरतो. रामटेकच्या पुढे, जंगलाला लागून एक जुनं मिशनचं आवार आहे. मोहाची झाडं, त्यांच्याखाली तंबू, एक विहीर, बादलीची आंघोळ आणि चुलीवरचा स्वयंपाक. सकाळी भक्ती, मग रानात भटकणं, दुपारी सावलीत गाणी. संध्याकाळी नाटुकलं असतं, ते मी बसवते. म्हणून माझी तिथे वर्णी. नागपूरचा मे महिना नागपूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. त्या उन्हात मुलींचा घोळका, त्यांच्या बॅगा, मोजे, डबे आणि डोकी यांचं एकत्र काय होत असेल, याची कल्पना नुकतंच जेवलेल्या वाचकांनी करू नये.

सिस्टरांनी नर्सची सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात केली होती. यजमान कोराडीच्या पॉवर हाउसमध्ये होते. ते गेल्यावर मुलगाही तिथेच लागला, आणि सिस्टर त्याच्या क्वार्टरमध्ये राहू लागल्या. बाहेर दोरीवरच्या कपड्यांवर राख, आणि आत सुनेने भिंतीतल्या प्लगला खोचलेली सुगंधी बाटली. राखेबद्दल सिस्टरांची कधी तक्रार नव्हती. “राख राखेसारखी असते,” त्या म्हणायच्या. “पण घरात दिवसभर चमेली मरून पडल्यासारखी वाटते, त्याले का करू? वर्षभर श्वास धरून बसतो मी. मे महिन्यात सोडतो.” कॅम्पचे ते थोडे दिवस म्हणजे त्यांचं वर्ष. बाकीचे महिने त्याची वाट पाहण्यासाठी होते.

कॅम्पच्या आधीच्या शनिवारी बॅगांचा दिवस असे. चर्चच्या हॉलमध्ये सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, शेजारी बुटक्या स्टुलावर सिस्टर. मुली रांगेत, आया बाकांवर. बॅग उघडायची नाही, चादरीवर ओतायची, हा नियम. “उघडल्या बॅगेत वरचे कपडे दिसतात,” सिस्टर म्हणायच्या. “ओतल्या बॅगेत माय दिसते.”

मग त्या एकेक वस्तू दोन बोटांत धरून नाकाशी नेत, डोळे मिटत आणि निकाल देत. निकाल दोनच होते: ‘साफ’ आणि ‘शी’. त्यावर अपील नव्हतं.

“हा टॉवेल का घोंगडी वं? हे जाडजूड वाळते कधी? दुसऱ्या दिवशी याच्यात ओलं कुत्रं निजलं असं वाटते. शी. पंचा आण.”

“साबण अस्सा डबीत? पाण्यानं त्याचा शेंबूड होते. कागदात गुंडाळ, वापरून झाला का उन्हात ठेव.”

“मळके कपडे टाकाले प्लास्टिकची पिशवी कोनं सांगतली तुले? ओला कपडा प्लास्टिकमंदी कोंबला का त्याचं लोणचं होते. कापडी थैली शिव म्हणा मायले.”

खऱ्या लोणच्याचंही एक प्रकरण झालं. कैरीच्या लोणच्याची बरणी बॅगेत लवंडली आणि पोरीचं गीतपुस्तक, पांढरा फ्रॉक आणि आतले कपडे एकाच पिवळ्या तेलात मुरले. सिस्टरांनी गीतपुस्तक उचललं. एक थेंब चादरीवर पडला. “हे घेऊन तू देवासमोर उभी राहशीन,” त्या म्हणाल्या, “तर देव आधी पोळी मागीन.”

कांदे तर दर वर्षी निघत. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे आया लेकरांच्या खिशात कांदा ठेवतात, त्याला सिस्टरांची हरकत नव्हती. पण सिस्टरांच्या भीतीने आया तो मोज्यांत लपवत. “कांदा खिशात ठेवाचा असते,” सिस्टर मोजा लांब धरून सांगायच्या. “मोज्यात ठेवला, तर चौथ्या दिवशी कांदा कोणता अन् पाय कोणता, हे कोनालेच सांगता येत नाई.”

पण हे सगळं किरकोळ. खरी किळस, पोटातून येणारी, त्यांनी सुगंधासाठी राखून ठेवली होती.

एका डॉक्टरांच्या मुलीच्या बॅगेतून एकदा सुगंधी ओले रुमाल, सुगंधी पावडर आणि अत्तराचा फवारा निघाला. हॉलमध्ये बागेसारखा वास पसरला. आम्ही बाकीच्या जणी जरा सुखावलोच. सिस्टरांचा चेहरा मात्र असा झाला, जणू कुणी त्यांच्या पानात पाल वाढली.

“हे काहून आणलं?”

“फ्रेश वाटतं, सिस्टर.”

“ताजं वाटाले ताजं राहावं लागते, बाई. वास म्हणजे झाकण. झाकण दिसलं का मी खाली का मेलं ते पाह्यतो.”

आणि त्यांनी पाहिलं. बॅगेच्या तळाच्या कप्प्यात हात घालून त्यांनी एक चपटा डबा काढला. तो शाळेच्या हिवाळी सहलीचा होता आणि तेव्हापासून तिथेच होता. सिस्टरांनी झाकण उघडलं. आत अंडाभुर्जी होती. होती म्हणजे, कधीकाळी. आता तिला केस आले होते. राखाडी, मऊ, भांग पाडता येईल इतके. त्या डब्यातून जो वास निघाला तो आधी वर गेला, पंख्याने त्याला पकडलं आणि सगळ्यांना सारखा वाटला. डॉक्टरीणबाई “जरा हवा खाऊन येते” म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत. सिस्टरांनी डबा शांतपणे बंद केला आणि अत्तराच्या फवाऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, “शी.”

माणसाच्या अंगातून निघालेल्या कशालाही मात्र त्या शी म्हणत नसत. एका वर्षी बसमध्ये मनसरच्या अलीकडे एक मुलगी माझ्या मांडीवर ओकली. थोडंथोडकं नाही, माझी नवी सुती साडी, माझी पर्स, माझं नाटुकल्याचं हस्तलिखित. मी हात वर करून, डोळे मिटून, ओरडायलाही तोंड उघडू नये अशा अवस्थेत बसले होते. सिस्टर मागच्या सीटवरून वाकल्या, पाहिलं, एकदा नाक ओढलं.

“आमरस,” त्या म्हणाल्या. “त्याच्यावर शेव. त्याच्यावर अजून आमरस. निघता निघता पाजला मायनं.” मग हातानेच, अगदी हातानेच, माझ्या मांडीवरचं सगळं एका कागदात ओढून घेतलं आणि त्या पोरीचं तोंड आपल्या पदराने पुसलं.

“सिस्टर, शी,” मी म्हणाले.

“याले काहून शी म्हणतं? लेकराच्या पोटातलं होय. पोटानं काम केलं आपलं. शी तुया साडीले म्हण. स्टार्च किती घातला, कुबट वास येऊन राहिला.”

माझ्या कलेवरही त्यांची हीच नजर. एका वर्षी मी जलप्रलयाचं नाटुकलं बसवलं. पुठ्ठ्याचं तारू, मुखवटे घातलेले हत्ती-वाघ-माकडं, आणि तारू बांधणाऱ्याची बायको हसतमुखाने सगळ्यांना दाणापाणी देते. टाळ्या झाल्या. सिस्टर पुढच्या रांगेत तोंड मुडपून बसलेल्या.

“आवडलं नाही, सिस्टर?”

“इतकी जनावरं, वरून बंद लाकडी पेटी, बाहेर पाणी. अन् तुयी ती बाई हसून राहिली. तिनं शेण कुठं टाकलं?”

पुढच्या वर्षी मी त्याच नाटुकल्यात त्या बाईच्या नाकाला पदर बांधला आणि हातात टोपली दिली. तेव्हा सिस्टर पहिल्यांदा म्हणाल्या, “हां. आता खरं वाटते.”

कॅम्पमध्ये त्यांचं दुसरं काम जेवणाचं. पीटरभाऊ आमचा आचारी. पातेलं उतरलं की तो पळीभर घेऊन सिस्टरांच्या नाकाखाली धरे. त्या ‘साफ’ म्हणत, मगच ताटं वाजत. एकदा त्यांनी पनीरच्या अख्ख्या पातेल्याला शी म्हटलं. पीटरभाऊचा इतका अपमान झाला की त्याने सगळ्यांसमोर दोन वाट्या पनीर खाऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक मी केला. पीटरभाऊ घाणेरीच्या झुडपांमागे होता, आणि अधूनमधून तिथून फक्त देवाचं नाव ऐकू येत होतं.

आमच्या मंडळीत म्हाताऱ्या माणसांना कुणी कामावरून काढत नाही. त्यांना शाल देतात. समितीच्या चिटणीस आवळेबाई हे काम फार गोड करतात. रविवारी उपासनेनंतर पुढे बोलावलं जातं, चार चांगले शब्द, पुष्पगुच्छ, शाल. आणि पुढच्या वर्षी बसमध्ये तुमच्या सीटवर दुसरं कुणी. पेटी वाजवणारे काका असे गेले, संडे स्कूलच्या दोन बाई अशाच गेल्या. सिस्टर म्हणायच्या, “शाल पांघरली का माणूस फोटोत जाते.” सत्तरी ओलांडूनही त्यांना शाल मिळाली नव्हती, कारण तसं दुसरं नाक मंडळीत नव्हतं.

मग करोना आला. दोन उन्हाळे कॅम्प झाला नाही. सिस्टर आजारी पडल्या, घरीच बऱ्या झाल्या. कॅम्प पुन्हा सुरू झाला तेव्हा बॅगांच्या दिवशी त्या पूर्वीसारख्याच स्टुलावर येऊन बसल्या. तेच नाक, तेच मुडपलेलं तोंड. आयांना अगदी बरं वाटलं.

त्या दिवशी रांगेत कळमेश्वरची एक नवी मुलगी होती, रिबेका. सगळे रिबू म्हणत. वडील तिथल्या कारखान्यात, आई पहिल्यांदाच लेकीला बाहेर पाठवत होती. रिबूने बॅग ओतली आणि नाइट ड्रेसच्या घडीतून एक कापडी पुरचुंडी घरंगळत चादरीच्या मधोमध आली.

त्यात सुक्या झिंग्यांची चटणी होती. भाजलेली, लसूण घातलेली, आणि उन्हात बसने आलेली.

नागपूरपासून समुद्र किती लांब आहे हे आपण शाळेत शिकलो. त्या दुपारी तो हॉलमध्ये आला, मेला आणि तिथेच सडला. शेवटच्या बाकावरच्या बाईने पदर नाकाला लावला. आवळेबाईंनी खिडकी उघडली. रिबूचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती आईकडे बघेना, आई तिच्याकडे बघेना.

सिस्टरांनी पुरचुंडी दोन बोटांत उचलली. नाकाखाली धरली. डोळे मिटले. नाकपुड्या फुलल्या.

“साफ,” त्या म्हणाल्या. “पुढं.”

मग एक आई दुसरीला हळूच म्हणाली, “बाप्पा. सिस्टर किती बदलल्या हो.” आवळेबाईंनी मान वर करून सिस्टरांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. रिबू वस्तू भरू लागली, पण तिचे डोळे सिस्टरांच्या नाकावरून हलत नव्हते.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी चादरीची घडी करत होतो. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

“त्या पोरीच्या पुरचुंडीत का होतं वं?”

“झिंगे, सिस्टर.”

“लय होता वास?”

“मासळी बाजार चालत आला होता.”

त्या स्टुलावर बसल्या. चादरीचं टोक मांडीवर घेतलं. “तुम्हा सगळ्यांची तोंडं पाहून वाटलंच मले. नाक गेलं माह्यं. त्या बिमारीत गेलं. वाटलं, येईन वापस. कापूर जाळून पाह्यला, फिनाइलच्या बाटलीत तोंड घातलं. काहीच नाई.” मांडीवरचं चादरीचं टोक नीट करत त्या म्हणाल्या, “सगळं साफ लागते वं. नाली साफ, नातवाचा लंगोट साफ, सुनेची ती चमेलीही साफ. इतकं साफ, का किळस येते.”

“आवळेबाईंना सांगायचं का?” मी विचारलं.

“सांग. शाल इस्त्री करूनच ठेवली असन तिनं.” मग माझ्याकडे न बघता, “यंदा जाऊ दे मले. एवढ्या पोरींत राह्यलं का कधीतरी एखादा वास येईन, असं वाटते.”

मग मी नाटकवाल्या बाईला शोभेल असाच उपाय काढला. जेवणाच्या वेळी मी त्यांच्या मागे उभं राहायचं. पळी आली की हुंगायची मी. ठीक असेल तर त्यांच्या कोपराला एकदा बोट लावायचं, त्यांनी ‘साफ’ म्हणायचं. बिघडलं असेल तर दोनदा. सिस्टरांना हे आवडलं नाही. पण शाल त्याहून नावडती होती.

पहिले दिवस प्रयोग रंगला. वरण, भाजी, खिचडी; एक बोट, साफ. एक बोट, साफ. मी इतकी खूश होते की आपण दोघींनी दौरे काढावेत असं मला वाटू लागलं. फक्त रिबू पंगतीतून आमच्याकडे, नेमकं माझ्या हाताकडे, बघत असे.

मग कोंबडीचा दिवस आला. कॅम्पमध्ये कोंबडी एकदाच होते, आणि मुली सकाळपासून तिचीच गाणी म्हणत असतात. पीटरभाऊने सावजी मसाल्याचा जाळ रस्सा केला होता. तर्री अशी लाल, की बघूनच कान तापावेत. ताटं घेऊन सगळ्या बसल्या. आवळेबाई खास नागपूरहून जेवायला आल्या होत्या. पीटरभाऊने पळी सिस्टरांच्या नाकाखाली धरली. मी मागून वास घेतला: मिरी, लवंग, खसखस, भाजलेलं खोबरं. स्वर्ग. मी कोपराला एकदा बोट लावलं.

सिस्टर बोलल्या नाहीत.

मी पुन्हा एकदा लावलं, जरा जोरात. मग घाबरले, कारण आता ते दोनदा झालं होतं.

त्यांनी मान किंचित वळवली. “खाली का हाय?” ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

“मसाल्याचा मस्त वास येतोय, सिस्टर.”

“मसाल्याचं नाई विचारलं. मसाल्याच्या खाली का हाय?”

मी पुन्हा हुंगलं. पुन्हा मसालाच.

“सिस्टर, पळी थंडी होऊन राहिली,” पीटरभाऊ म्हणाला.

“पीटर, कोंबडी कव्हा आणली?”

“सकाळी. सोता आणली रामटेकहून. ऑटोत.”

“बर्फ होता?”

“होता ना.”

“निघाला तव्हा होता, का पोचला तव्हा?”

पीटरभाऊ चुलीकडे पाहू लागला.

सिस्टरांनी पळी त्याच्या हातातून घेतली, परत पातेल्यात ठेवली आणि मुलींकडे तोंड केलं. आवाज नेहमीचाच होता, चादरीवरच्या टॉवेलबद्दल बोलावं तसा. “पोरीहो, ऐका. माह्यं नाक मेलं. त्या बिमारीत मेलं. तुमच्या बॅगा हुंगल्या ते नाटक होतं, अन् इथं रोज साफ म्हटलं तेही नाटकच. ही बाई मागून बोट लावे. बॅगेचं चालून जाते. पोटाचं नाई चालत. मी याले साफ म्हणत नाई.”

आवळेबाईंच्या हातात लिंबाची फोड होती, ती तशीच राहिली. मी कुठे बघावं ते न कळून मोहाच्या झाडाकडे बघत होते.

“मग खायचं का नाही?” मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं.

“नाकं हायत ना तुमची? का नुसता शेंबूड ठेवाले दिली देवानं? या. एकेक या.”

आणि त्या मुली रांगेत आल्या. पळीवर वाकून एकेकीने वास घेतला. पहिली म्हणाली, “मस्त.” दुसरी म्हणाली, “लय मस्त.” तिसरीने हुंगण्याच्या निमित्ताने जीभ लावली, तेव्हा सिस्टरांनी तिचा कान धरला. भूक अशी होती, की त्या वेळी पातेल्यात बूट असता तरी मस्त म्हणाल्या असत्या.

रिबू आली. ती वाकली आणि तशीच राहिली.

“झिंगेवाली ना तू?” सिस्टर म्हणाल्या. “सांग.”

“वरून मस्त हाय,” रिबू म्हणाली.

“अन् खाली?”

“खाली... ओल्या पिसांसारखं कायतरी हाय. कोंबड्यांच्या खुराड्यात पाणी सांडल्यावर येते तसं.”

“बाकीच्या नाई म्हणून राहिल्या,” पीटरभाऊ म्हणाला.

“बाकीच्या भुकेल्या हायत. ओत.”

पातेलं आवाराच्या टोकाला, खड्ड्यात ओतलं. मुली उभ्या राहून बघत होत्या. कुणी कुणी खरंच रडत होत्या. तेवढ्यात कॅम्पची दोन कुत्री धावत आली. त्यांनी खड्ड्यात तोंड घातलं, हुंगलं, एकमेकांकडे पाहिलं आणि आपला कुणीतरी अपमान केल्यासारखी निघून गेली. पीटरभाऊने डोक्याचा पंचा काढला आणि तो भात लावायला गेला.

त्या दिवशी आम्ही भात आणि रिबूच्या झिंग्यांची चटणी जेवलो. कॅम्पला कधीही न आणण्याच्या सगळ्या वस्तूंची राणी ती चटणी, आणि आवारात तयार आणि न नासलेलं तोंडीलावणं तेवढंच होतं. मी नाक दाबून खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली तेव्हाही नाक दाबलेलंच होतं.

सिस्टर कडेला ताट घेऊन बसल्या होत्या. रिबू त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. “कशी हाय, सिस्टर?”

“खारट. अन् तिखट,” त्या म्हणाल्या. “बाकी काई नाई.”

नाताळाच्या आधीच्या रविवारी त्यांना शाल दिली. आवळेबाई गोड बोलल्या, ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा घेतला. सिस्टरांनी शाल हातात घेतली आणि सवयीने नाकाशी नेली. डोळे मिटले. सगळं चर्च निकालाची वाट पाहत थांबलं. त्यांनी डोळे उघडले, शाल खाली घेतली आणि जागेवर जाऊन बसल्या.

पुढच्या मे महिन्यात बॅगांच्या दिवशी चादर नव्हती. आवळेबाईंनी छापील यादी वाटली होती; आयांनी घरीच खुणा करून आणायच्या होत्या. बॅगा बंद, चाकांवर, ओळीने उभ्या. हॉलमध्ये गुलाबाचा फवारा मारला होता, इतका, की माझं डोकं चढलं. आया निवांत गप्पा मारत होत्या. सिस्टरांच्या मुलाची बदली चंद्रपूरला झाली होती, त्याच्यासोबत त्या आठवड्याने जाणार होत्या, म्हणून त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. त्या पुढे खुर्चीवर बसल्या होत्या, शाल अंगावर. भर उन्हाळ्यात.

रिबू बॅग ओढत आली. वर्षात ती हातभर वाढली होती. रांगेत न जाता ती सरळ सिस्टरांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली, बॅगेची चेन उघडली आणि आतून कॅनव्हासचा एक जुना बूट काढून त्यांच्या मांडीवर, शालीवर ठेवला.

“अगं, हे काय देतेस त्यांना?” आवळेबाई लांबून म्हणाल्या.

सिस्टरांनी बूट उचलला, उलटापालटा केला. “सांग,” त्या म्हणाल्या.

“घाण हाय, सिस्टर.”

“घाण म्हणजे काईच नाई. घाण कोणतीही असते. बरोबर सांग.”

“मेल्या उंदरासारखा.”

“उन्हातला का सावलीतला?”

रिबूने बूट परत घेतला आणि अख्खं तोंड आत घातलं. बराच वेळ ती तशीच राहिली. वर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“सावलीतला,” ती म्हणाली. “कपाटामागचा. अन् त्याच्यावर ओलं पोतं टाकलेलं.”

सिस्टरांनी डोळे मिटले. त्या थोड्या पुढे झुकल्या, आणि त्या नाकपुड्या हळूहळू फुलल्या.

“हां,” त्या म्हणाल्या. “आला.”